बाटलीवर नसलेले चित्र

वर्तुळात गरोदर स्त्रीची आकृती, हातात पेला आणि वरून तिरपी रेघ. फ्रान्समध्ये २००७ पासून दारूच्या बाटलीवर हे चिन्ह किंवा त्याच अर्थाचा मजकूर बंधनकारक आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही २०२३ पासून असे चिन्ह सक्तीचे आहे. आपल्याकडे २०१९ पासून बाटलीवर इशारा असतो तो एवढाच: मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे, पिऊन गाडी चालवू नका. गाडीची काळजी आहे, पोटातल्या बाळाची नाही.

आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळापर्यंत पोहोचते. बाळाचे यकृत अजून तयार झालेले नसते, त्यामुळे ती पचवण्याची ताकद त्याच्यात नसते. मेंदूची वाढ बिघडते. शिकणे, लक्ष लागणे, स्वभाव, सगळ्यावर जन्मभर परिणाम राहतो. गरोदरपणात कोणताही महिना सुरक्षित नाही आणि कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही. बीअर, वाईन, हातभट्टी, सगळे सारखेच.

दारूवर मराठीत कलाकृती नाहीत असे कोण म्हणेल? गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगमंचावर आले. त्यात सुधाकरच्या व्यसनाची किंमत सिंधू आणि तान्हे मूल जिवाने मोजतात. पण ते मूल जन्मलेले आहे. न जन्मलेल्या मुलाचे पोस्टर, पथनाट्य आपल्या वस्त्यांमध्ये दिसत नाही.

चित्र कसे काढायचे यालाही महत्त्व आहे. इंग्रज चित्रकार होगार्थने १७५१ मध्ये ‘जिन लेन’ काढले. त्यात नशेतल्या आईच्या हातून मूल निसटून खाली पडते आहे. चित्र गाजले, पण बघणाऱ्याचा सगळा राग त्या बाईवर जातो. अशा रागाने घाबरलेली बाई डॉक्टरांना खरे सांगत नाही, आणि मग तिला मदतही मिळत नाही.

इथे आपल्याकडे सांगण्यासारखे काही आहे. दारूबाबतची प्रसिद्ध हदीस फक्त पिणाऱ्याला दोष देत नाही. गाळणारा, वाहून नेणारा, विकणारा, पाजणारा असे दहा जण त्यात येतात. मग आपल्या पोस्टरवर एकटी बाईच का? पेला पुढे करणारा हात दाखवा, ‘एका घोटाने काय होतं’ म्हणणारी घरची माणसे दाखवा.

‘आपल्यात हराम आहे, हा आपला विषय नाही’ हे वाक्य मात्र पुरे झाले. हराम असूनही काही घरांत बाटली येते, हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि लाजेपोटी तिथेच गप्प बसले जाते. शिवाय सुकापुरात एका इमारतीत चार प्रांतांची माणसे राहतात, बांधकामावरच्या मजूर बायकाही शेजारीच. शेजाऱ्याचा हक्क धर्म विचारून ठरत नाही.

९ सप्टेंबर हा या प्रश्नाचा जागतिक दिवस. नऊ महिन्यांची आठवण म्हणून नवव्या महिन्याची नववी तारीख. ज्यांना डिझाइन येते त्यांनी त्याआधी चित्र पाठवावे. अक्षरे मराठी, उर्दू, हिंदी कोणतीही चालतील, पण वाचता न येणाऱ्या बाईलाही ते कळले पाहिजे. छापून दवाखान्याच्या आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर लावायची जबाबदारी आमची.