आधी रंग, मग यंत्र

निपाणी म्हटले की तंबाखूची आठवण होते. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी लढा दिला, तो साऱ्या देशाने पाहिला. त्या पिकाची दुसरी किंमत म्हणजे तोंडाचा कर्करोग. तिची चर्चा मात्र तितकीशी झाली नाही. ही किंमत मोजणारा सीमाभागातील रुग्ण बेळगाव, कोल्हापूर वा मिरज गाठतो. गोमंतकातील रुग्णही बेळगावला जातात. तेथे २०२५च्या जानेवारीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले, ही समाधानाची गोष्ट होय. रुग्णाच्या गाठीचा तुकडा यापुढे संगणकही तपासू लागेल, अशी आशा आता सर्वत्र व्यक्त होते. या आशेचे आम्ही स्वागत करतो. परंतु तिच्या मुळाशी असलेल्या एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टिकवून, मेणात बसवून, त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतात. हे काप जवळजवळ रंगहीन असतात. हिमॅटॉक्सिलिन या मेक्सिकोतील झाडापासून मिळणाऱ्या द्रव्याने पेशींची केंद्रके निळी-जांभळी होतात, तर इओसिनने उरलेला भाग गुलाबी होतो. एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या या दोन रंगांवरच आजही रोगाचे निदान बव्हंशी उभे आहे.

शहापूर-वडगावच्या विणकराला विचारा. दोन वेळा रंगवलेले सूत तंतोतंत सारखे उतरत नाही, हे तो सांगेल. काचपट्टीचेही तसेच. द्रावण जुने झाले, वेळ चुकली, पाण्याचा गुण बदलला, काप जाड झाला की छटा बदलते. अनुभवी डॉक्टरांची नजर हा फरक सांभाळून घेते. संगणक मात्र ज्या छटांवर शिकला, त्यांनाच ओळखतो. परक्या प्रयोगशाळेची गडद काचपट्टी त्याला चकवू शकते. अभिषेक वहादाने, अमित सेठी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीसारख्या उपायांनी चित्रांचे रंग एका मापाला आणता येतात. तथापि जे केंद्रक रंगलेच नाही, ते कोणते गणित दाखवणार? आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार?

म्हणून आमची सूचना अशी की, यंत्रावर खर्च करण्यापूर्वी रंगशाळेकडे पाहावे. तुकडा काढताच पुरेशा फॉर्मॅलिनमध्ये जावा; रोज एक नमुन्याची काचपट्टी रंगवून ताडून पाहावी; पडद्याआड राबणाऱ्या तंत्रज्ञाला नीट शिक्षण आणि मान मिळावा. दूरदेशी शिकलेले यंत्र आधी येथील काचपट्ट्यांवर पारखावे आणि अखेरचा शब्द डॉक्टरांचाच राहावा. रुग्ण सीमेच्या दोन्ही बाजूंना हिंडतो, त्याची काचपट्टीही त्याच्यासोबत हिंडते. तेव्हा बेळगाव, कोल्हापूर, मिरज आणि बांबोळी येथील रुग्णालयांनी रंगविण्याची एक समान रीत ठरवावी, हे उचित नव्हे काय?

सीमेचा वाद न्यायालयात २००४पासून पडून आहे; त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोंडातील व्रण मात्र तारखांची वाट पाहत नाही. जांभळ्या ठिपक्याला कानडी-मराठी भेद ठाऊक नाही. तो दोन्हीकडे सारखाच दिसावा, एवढी तजवीज करण्यास कोणाच्याही निकालाची गरज नाही.