‘आमच्याकडे हे खात नाहीत’

थंडी पडू लागली की इंदुरात रस्त्यारस्त्यांवर जामांचे ठेले उभे राहतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या मंडळींना हा ‘जाम’ म्हणजेच आपला पेरू, हे प्रथम समजावून सांगावे लागते. ठेलेवाला फळाच्या चार फाकी करतो, पोह्यांवर घालतात तेच जीरावन वर भुरभुरतो आणि कागदावर ठेवून हाती देतो. या साध्या खाण्याविषयी आम्ही कधी लिहू असे वाटले नव्हते. पण गेल्या हिवाळ्यात एक प्रसंग असा घडला की लिहिल्यावाचून राहवेना.

आमचा पाच वर्षांचा नातू शेजारच्या मालवी कुटुंबात खेळावयास जातो. तेथल्या आजीबाईंना तो अम्माजी म्हणतो. त्या दिवशी आम्हीही तेथे बसलो होतो. अम्माजींनी जामाच्या फाकी थाळीत घालून मुलांपुढे ठेवल्या. इतर मुलांनी हात घातले. आमच्या चिरंजीवांनी मात्र थाळी बाजूला सारली आणि स्वच्छ हिंदीत सांगितले, की आमच्याकडे हे खात नाहीत. अम्माजी काही बोलल्या नाहीत, हसून त्यांनी थाळी उचलली. पण त्यांचा चेहरा उतरलेला आम्ही पाहिला.

घरी येताना मुलावर रागवावे असे मनात आले, पण जीभ उचलेना. कारण ते वाक्य त्याचे नव्हतेच, आमचे होते. सराफ्यात तळलेले गराडू पाहून आम्हीच ते म्हटले होते, भुट्ट्याचा कीस कोणी आणून दिला तेव्हाही म्हटले होते. पेरू तर आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत, पण मसाला लावलेला जाम पाहून मुलाला तो ‘त्यांचा’ वाटला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांना आपली चव जपावी लागते, हे आम्ही जाणतो. गोडा मसाला गावाहून मागवावा, वैशाखात हापूसची पेटी यावी, यात वावगे काय? परंतु जपण्यासाठी उच्चारलेले वाक्य मुलाच्या तोंडी नाकारण्याचे वाक्य होऊन बसले होते.

आणि ‘आपले’ तरी काय काय आहे? पेरू, पपई, चिकू, अननस ही सारी फळे मूळची अमेरिका खंडातली; १४९८ साली पोर्तुगीज भारताच्या किनाऱ्यास लागले, त्यानंतरच्या काळात ती इकडे रुजली. उपासाचा बटाटा तिकडचाच. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तोही तिकडचा. आपल्या पूर्वजांपैकी कोणीतरी पहिली फाक तोंडात घातली म्हणून तर एकादशीच्या ताटाला शोभा आली!

मुलाच्या खाण्याची चिंता घरात आधीपासूनच होती. वरणभात, दूधपोळी आणि केळे यांपलीकडे तो जात नसे. सून काळजीने सुकत चाललेली, आणि आम्ही प्रत्येक जेवणाला चिऊकाऊचे घास घेऊन त्याच्या मागे धावत असू. तो तोंड मिटून घेई, कोणीतरी आवाज चढवी आणि ताटावर रडारड होई.

या बाबतीत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांचे काम आमच्या उपयोगी पडले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी दोन वर्षांच्या बालकांना अनोळखी फळे व चीज, कोणते दोनदाच तर कोणते वीस वेळा, असे कमीअधिक चाखावयास दिले. जे जितक्या अधिक वेळा चाखले गेले, ते तितके अधिक आवडू लागले. नुसते पाहून चवीची आवड वाढत नाही, जिभेवर ठेवावेच लागते, हे १९८७ च्या अभ्यासात दिसले. अमुक खाल्लेस तर तमुक देईन, अशी लाच दिल्याने त्या पदार्थाची गोडी उलट कमी होते, हेही त्यांच्याच कामातून पुढे आले. आम्ही तर दोनदा नको म्हटले की ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होत होतो.

मग आम्ही धावणे सोडले. दुपारी चार वाजता, पोटात भूक असताना, एक बशी मध्ये ठेवावयाची. त्यात नखाएवढे तुकडे. घरातल्या सर्वांनी खायचे, त्याला आग्रह करायचा नाही, खाल्लेच तर टाळ्या पिटायच्या नाहीत. पहिले काही दिवस त्याने तुकडा चाटून परत ठेवला. आम्ही दुसरीकडे पाहिले. (हे ‘दुसरीकडे पाहणे’ आम्हांला फार जड गेले, हे कबूल करतो.)

बशीत काय ठेवावे, यासाठी फार खटाटोप नको. पिकू लागलेला पण अजून कडक असा पेरू घ्यावा, मधला बियांचा गर काढून बारीक चिरावा, त्यात दही, किंचित साखर, कोथिंबीर घालून वरून हिंग-मोहरीची फोडणी द्यावी, की कोशिंबीर तयार. मीठ मात्र आयत्या वेळी घालावे, नाहीतर पाणी सुटून सारे पातळ होते. केळ्याच्या चकत्यांवर भाजलेल्या दाण्यांचे कूट व लिंबाचे चार थेंब छान लागतात. पपईला लिंबू आणि मिरपूड पुरते. अननस दह्यात कच्चा घालून ठेवू नये, कडवट होतो. आधी साखरेत शिजवून घेतल्यास तसे होत नाही. पाच वर्षांखालील मुलांना द्राक्षे अख्खी देऊ नयेत, उभी चिरून द्यावीत. बोरांची आठळी काढावी. घशात अडकण्याचे भय खरे असते. आणि पेरूत संत्र्याच्या चौपट क जीवनसत्त्व असते. पोह्यांतले लोह अंगी लागावयास ते मदत करते, म्हणून सकाळच्या पोह्यांसोबत एक फाक असू द्यावी.

चिरण्याचे काम आम्ही त्यालाच दिले. बोथट सुरी आणि एक केळे. स्वतः चिरलेले कोणाला तरी खाऊ घालावे, ही त्याची हौस. ती आमच्या पथ्यावर पडली. साधारण तिसऱ्या आठवड्यात त्याने पेरूची फाक, बिया थुंकत का होईना, पुरी खाल्ली. त्याच सुमारास आम्ही सराफ्यात जाऊन गराडू खाल्ले. लिंबू पिळलेले, गरमागरम. इतकी वर्षे आम्ही काय गमावले, हे येथे लिहीत नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्याने पेरूच्या कोशिंबिरीची वाटी दोन्ही हातांत धरून अम्माजींकडे नेली. आम्ही मागोमाग होतोच. अम्माजींनी दह्यातला जाम प्रथमच पाहिला असावा. क्षणभर त्या थबकल्या, मग चमचाभर तोंडात घातला आणि आत जाऊन जीरावनाची डबी घेऊन आल्या. त्यांनी वरून चिमूटभर टाकले. नातवाने चाखून पाहिले आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “आजी, आपण हे घालायला विसरलो होतो.”

पपईला तो अजून हात लावीत नाही. बशीत तुकडा ठेवणे चालू आहे.