रक्ताळलेला घोडा आणि थकलेला पिकाडोर

बैलझुंजीचं चित्र म्हटलं की जरीच्या पोशाखात छाती काढून उभा असलेला मॅटाडोर डोळ्यांपुढे येतो. न्यूयॉर्कच्या हिस्पॅनिक सोसायटीच्या संग्रहात इग्नासिओ थुलोआगा या स्पॅनिश चित्रकाराचं १९१० सालचं ‘उत्सवाचा बळी’ हे चित्र आहे. त्यात असा रुबाब औषधालाही नाही.

चित्रात झुंजीवरून परतणारा एक वयस्क पिकाडोर आहे. घोड्यावरून वळूच्या खांद्यात भाला खुपसायचा, म्हणजे पुढे मॅटाडोरचं काम सोपं होतं, ही त्याची नोकरी. डोक्यावर रुंद काठाची टोपी, हातात भाला, पाठीला पोक. खालचा पांढरा घोडा हाडांचा सापळा झालेला, अंगावर रक्त. मागे ढगांनी भरलेलं आभाळ. अभिव्यक्तिवाद्यांच्या यादीत थुलोआगाचं नाव काटेकोरपणे बसत नाही. पण मनातली कळ देहाच्या ठेवणीतून आणि काळवंडल्या रंगांतून बाहेर काढायची त्यांची रीत इथे पुरेपूर दिसते.

आणि हा माणूस बैलझुंजीचा शत्रू नव्हता. तरुणपणी सेव्हिलमध्ये तो स्वतः वळूंपुढे उतरला होता. पुढे हुआन बेलमोंते या नामवंत मॅटाडोरची ऐटदार व्यक्तिचित्रंही त्याने रंगवली.

तरीही त्याने घोड्याकडे डोळेझाक केली नाही. त्या काळी पिकाडोरच्या घोड्याला कसलंही संरक्षण नसे. कामातून गेलेली जनावरं स्वस्तात आणायची, डोळ्यावर पट्टी बांधायची आणि शिंगांपुढे उभी करायची. पोटं फाटत, आतडी लोंबत. एका दुपारी साधारण सहा वळू मारले जात. घोडे कित्येकदा त्याहून जास्त मरत. घोड्याला जाड गादीचं कवच घालणं सक्तीचं झालं ते १९२८ मध्ये, या चित्रानंतर १८ वर्षांनी.

थुलोआगा जगापुढे स्पेनची बदनामी करतो, अशी ओरड मायदेशात झाली. मिगेल दे उनामुनोसारखा विचारवंत मात्र त्याच्या बाजूने उभा राहिला.

स्पेनमधला वाद आजही मिटलेला नाही. कॅटलोनियाने २०१० मध्ये बैलझुंजीवर बंदी घातली, २०१६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती रद्द केली. २०२४ मध्ये संस्कृती मंत्रालयाने बैलझुंजीचा राष्ट्रीय पुरस्कारच बंद केला. झुंजीचे पाठीराखे अशा वेळी गोया, पिकासो यांची नावं पुढे करतात. हा बचाव लंगडा आहे. चित्रकाराने एखादी गोष्ट रंगवली म्हणून ती चालू ठेवायचा परवाना मिळत नाही.

पण झुंजीच्या विरोधकांनीही अशी सगळी चित्रं क्रौर्याचा गौरव म्हणून मोडीत काढू नयेत. भित्तिपत्रकांवरच्या लाल फडक्यामागे जे झाकलं गेलं, ते इथे एका चाहत्याने उघड्यावर मांडलं आहे. बैलझुंज थांबायला हवी, आणि हे चित्र भिंतीवर राहायला हवं. शेजारच्या पाटीवर त्या घोड्यांची हकीकतही लिहावी, म्हणजे पाहणाऱ्याला ते रक्त कुठून आलं हे कळेल.