पीएचडी आईची, पहिली शाळा लेकराची

राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची निवड यादी लागली की आपल्याकडे सत्कार सुरू होतात. विहारात कार्यक्रम होतो, चौकात फ्लेक्स लागतो. ते व्हायलाच हवं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध समाजातील ७५ मुलंमुली या योजनेतून दरवर्षी परदेशी विद्यापीठांत जाऊ शकतात. पण पदव्युत्तर शिक्षणासाठी वयाची मर्यादा ३५ आहे आणि पीएचडीसाठी ४०. म्हणजे जाणाऱ्यांत संसार असलेले, कडेवर लेकरू असलेलेही असतात. त्या लेकराचा विचार शासन निर्णयात नाही आणि आपल्या सत्कारातही नाही.

बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला निघाले तेव्हा यशवंत वर्षाचाही नव्हता. त्या शिक्षणाची किंमत रमाईने मुंबईत राहून मोजली, हे आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. शंभर वर्षांनंतर आपल्यातली जोडपी मुलांना सोबत नेण्याचा विचार करू लागली, तोच ब्रिटनने दार अर्धं लावून घेतलं. जानेवारी २०२४ पासून तिथे एमए, एमएस्सी करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला, मोजके अपवाद वगळता, जोडीदार किंवा मूल सोबत नेता येत नाही. पीएचडी करणाऱ्याला येतं. पण मुलाच्या व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो, सध्या वर्षाला ७७६ पौंड. चार वर्षांचा व्हिसा असेल तर ३,१०४ पौंड, एकरकमी आणि अर्ज करतानाच. शिष्यवृत्तीचा हिशेब मात्र एकट्या विद्यार्थ्याचा आहे.

हे सगळं पार करून कुटुंब इंग्लंडला पोहोचलं की मुलाच्या शाळेचा प्रश्न येतो. तिथे मूल चार वर्षांचं पूर्ण झालं की येणाऱ्या सप्टेंबरात ‘रिसेप्शन’ या वर्गात बसतं. सरकारी शाळेला फी नाही, डोनेशन नाही, आईबापाची मुलाखत नाही. पहिल्या तीन वर्गांतल्या सर्व मुलांना दुपारचं जेवण मोफत आहे. नागपूर-औरंगाबादच्या कॉन्व्हेंटच्या रांगेत उभं राहिलेल्या पालकाला यावर लवकर विश्वास बसत नाही. अडचण वेगळीच असते. अर्ज स्थानिक कौन्सिलकडे करायचा आणि त्यासाठी बहुधा राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. पत्ता मिळायला घरभाडं, अनामत, कधी कधी जामीनदार. लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे. त्यामुळे ऑक्टोबरात किंवा जानेवारीत पोहोचणाऱ्याला घराजवळची शाळा भरलेली सापडते आणि दोन बस बदलून जायची शाळा मिळते. शाळा सव्वातीनच्या सुमारास सुटते. आई प्रयोगशाळेत, बाप गोदामातल्या पाळीवर, मग मूल आणायचं कोणी? इथे आजी असते, शेजारची काकू असते.

पण मला जास्त काळजी भाषेची वाटते. जाण्याच्या तयारीत असलेली कुटुंबं भेटतात, त्यांतली बरीच सहा महिने आधीपासून घरातलं मराठी बंद करतात. पोरगं तिथे मागे पडू नये म्हणून. यामागचं दुखणं मी समजू शकते. आपल्या आईवडिलांच्या पिढीला शाळेत त्यांच्या बोलीवरून हसलं गेलं. ‘शुद्ध’ मराठीनेच ज्यांना बाहेर ठेवलं, त्यांना इंग्रजी ही सुटका वाटली तर नवल नाही. तरीही हा निर्णय मुलाच्या मुळावर येतो. मोजणं, गोष्ट सांगणं, ‘का’ विचारणं हे मूल ज्या भाषेत शिकलंय त्याच भाषेच्या आधाराने दुसरी भाषा उचलतं. घरात आईबापाच्या अडखळत्या इंग्रजीत चार वाक्यं ऐकण्यापेक्षा मराठीत भरपूर बोलणं त्याला जास्त उपयोगी पडतं. इंग्रजी त्याला वर्ग देईलच. आणि आजीशी फोनवर बोलायचं ते कोणत्या भाषेत?

नव्या भाषेच्या वर्गात अनेक मुलं काही आठवडे, कधी काही महिने, जवळजवळ गप्प राहतात. ऐकत असतात, समजून घेत असतात. पालक घाबरतात, डॉक्टर शोधतात. इंग्लंडच्या शाळांत साधारण पाचातल्या एका मुलाची घरची भाषा इंग्रजी नाही, त्यामुळे शिक्षकांना हे नवीन नसतं. फक्त प्रवेश अर्जावर घरची भाषा ‘इंग्रजी’ असं खोटं लिहू नये. तसं लिहिलं तर ही शांतता भाषेची की आणखी कशाची, हे शिक्षकाला कळायला वेळ जातो.

धर्माच्या रकान्यात आपण ‘बौद्ध’ लिहितो. तिथल्या शाळांत धर्मांविषयी शिकवतात, त्यात बौद्ध धम्मही येतो. सामूहिक प्रार्थना मात्र बहुतांशी ख्रिस्ती वळणाची असावी असा कायदा आहे आणि त्यातून मुलाला वगळण्याचा हक्क पालकांना आहे. गोऱ्या शिक्षिकेला ‘भारतातले बौद्ध’ ऐकून कुतूहल वाटतं. आडनाव विचारलं जातं ते फाटकापाशी, आपल्याच देशबांधवांकडून. मग वाढदिवसाच्या आमंत्रणातून एक नाव गळतं. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा उल्लेख आहे, २०१३ मध्ये संसदेने तिला संरक्षण देणं सरकारवर बंधनकारकही केलं, आणि २०१८ मध्ये सरकारने न्यायालयांचे निकाल पुरेसे आहेत म्हणत माघार घेतली. त्यामुळे शाळेच्या नियमावलीत ‘जात’ हा शब्द सापडेलच याची खात्री नाही. शिक्षिकेला ते पालकांनीच सांगावं लागतं, आणि नेमकं तेच सांगायला आपल्या लोकांची जीभ रेटत नाही. देश सोडताना हे मागे राहील असं वाटलेलं असतं.

समाजकल्याण आयुक्तालयाने निवड झाल्यावर कुटुंबासह एक दिवसाचं मार्गदर्शन ठेवलं तर फार खर्च येणार नाही. आधी जाऊन आलेले विद्यार्थी आनंदाने बोलतील. तोवर मुलाचं लसीकरण कार्ड आणि जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत जवळ ठेवा. पुढच्या सप्टेंबरात मूल रिसेप्शनला बसणार असेल आणि तुम्ही आधीच तिथे राहत असाल, तर कौन्सिलकडे अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी असते.