वेल आवरला तर भोपळा वाढतो

घराच्या पत्र्यावर किंवा कुंपणावर भोपळ्याचा वेल चढवणाऱ्यांना एक अनुभव नक्की असेल. वेल पत्राभर पसरतो, पाने ताटाएवढी होतात, येणारे-जाणारे कौतुक करतात. आणि फळे धरतात दोन-चार, तीही लहान. वेल आणि फळ यांचे हे भांडण सर्वांत बारकाईने कोणी सोडवले असेल, तर ते स्पर्धेसाठी राक्षसी भोपळे पिकवणाऱ्या परदेशातील हौशी शेतकऱ्यांनी. आज त्यांच्या शेतात डोकावू.

कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर हे गाव आहे. तेथील हॉवर्ड डिल या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे बी निवडत 'अटलांटिक जायंट' हे वाण घडवले. १९८१ साली त्यांचा भोपळा सुमारे २२४ किलो भरला आणि तो जागतिक विक्रम ठरला. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडच्या आयन आणि स्टुअर्ट पॅटन या जुळ्या भावांनी १,२७८.८ किलोच्या भोपळ्याने नवा विक्रम केला. चवीचे मात्र विचारू नका. असला भोपळा पाणचट असतो, त्याचे घारगे करायला कोणी जाऊ नये.

एवढे वजन चांगले बी, खत आणि पाणी यांच्याशिवाय येत नाही. पण तेवढ्यानेही येत नाही. पाने साखर तयार करतात आणि ती वाढणाऱ्या प्रत्येक शेंड्याला व प्रत्येक फळाला वाटली जाते. खाणारी तोंडे जितकी जास्त, तितका एकेकाचा वाटा कमी. म्हणून ही मंडळी एका वेलावर शेवटी एकच फळ ठेवतात. आधी दोन-तीन धरू देतात, काही दिवस रोज मोजमाप घेतात आणि मग उरलेली काढून टाकतात. चांगले वाढते फळ स्वतःच्या हाताने कापायचे, याला छाती लागते!

वेलाची मांडणीही ठरलेली असते. मुख्य वेल सरळ जाऊ देतात. त्याच्या दोन्ही बाजूंना निघणाऱ्या फांद्या काटकोनात वळवून तीन-चार मीटर वाढल्या की त्यांचा शेंडा खुडतात. या फांद्यांना पुन्हा जी बगलफूट येते, ती बोटभर असतानाच मोडतात. नाहीतर पानावर पान येऊन खालची पाने सावलीत जातात. पान मात्र उगाच तोडत नाहीत, कारण फळाची कमाई पानाच्याच जिवावर असते. वेलाच्या प्रत्येक पेरावर माती ओढतात. तेथे नवी मुळे फुटतात, पाणी व अन्न जास्तीचे मिळते आणि वाऱ्याने वेल उलटत नाही.

फळ बुडापासून तीन-चार मीटर पुढे धरले तर बरे, म्हणजे त्याच्या मागे पोसणारी पाने पुरेशी असतात. त्याहून अलीकडचे फळ मोह न धरता काढतात.

खरी परीक्षा पुढे आहे. भर हंगामात हा भोपळा दिवसाला वीस किलोच्या आसपास वाढतो. त्याचा खांदा फुगत वर येतो आणि शेजारच्या वेलाला ढकलू लागतो. वेल दोन्हीकडे मुळांनी जमिनीला जखडलेला असला, तर ताण सगळा देठावर येतो. देठ चिरतो किंवा वेलापासून सुटतो. चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत गेली! म्हणून फळाच्या दोन्ही बाजूंचा दोन-तीन फूट वेल मुळे कापून मोकळा ठेवतात, म्हणजे फळाबरोबर तो वर उचलला जातो. फळ लहान असतानाच रोज थोडे थोडे सरकवून देठ वेलाशी काटकोनात आणतात. हे काम दुपार कलल्यावर करतात. सकाळी वेल पाण्याने भरलेला, कडक असतो आणि कट्कन मोडतो. उन्हाने मऊ पडला की वळतो. ही एवढीशी गोष्ट ठाऊक नसल्याने हंगाम गमावणारे कितीतरी असतील, असे आम्हांस वाटते.

आपल्या घरच्या लाल भोपळ्याला हे सगळे जसेच्या तसे लावू नये. आपल्याला एक अजस्र फळ नको, कुटुंबाला पुरतील अशी पाच-सहा मध्यम फळे हवीत. म्हणून येथे उलट करावे. वेल चांगला धरला की मुख्य शेंडा खुडावा. बाजूच्या फांद्या फुटतात आणि त्यांवर मादी फुले अनेकदा अधिक येतात. मग हवी तेवढी फळे धरली की फांद्यांचे शेंडेही खुडावेत. पत्र्यावर फळाखाली गवताची चुंबळ ठेवावी, आणि टांगते फळ जड झाले तर जुन्या लुगड्याच्या झोळीत बांधावे, म्हणजे देठावर ओझे येत नाही.

खुडलेले कोवळे शेंडे टाकू नका. लसूण-मिरचीची फोडणी देऊन त्यांची भाजी होते. वेलावर औषध मारले असेल तर मात्र ती करू नये.