निळी रेषा कुणाच्या उंबऱ्यातून जाते?

दोस्तांनो, निळा रंग आपला. पण सरकारच्या नकाशावरही एक निळी रेषा असते, ती तुम्ही पाहिलीय का? नदीच्या काठानं सरकार दोन रेघा मारतं. २५ वर्षांत एकदा येणारा पूर जिथवर चढतो तिथं निळी. १०० वर्षांत एकदा येणारा जिथवर चढतो तिथं लाल. निळीच्या आत घर बांधायला बंदी. कागद झकास आहे. वर पुन्हा शहाणे लोक म्हणतात, पाणी काय जात बघतं का? नाही बघत. पाणी उतार बघतं. आणि उतारावर कुणाला बसवायचं हे गावानं कधीच ठरवून ठेवलंय.

मी पालमचा, परभणी जिल्ह्यातला. लेंडी नदी फुगली की पुलावरनं पाणी जायचं, पलीकडची गावं तुटायची. पेपरात चार ओळी यायच्या : संपर्क तुटला. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं कसं, हातावर पोट असणाऱ्यानं मजुरीला जायचं कसं, हे त्या चार ओळींत नसायचं. आई म्हणायची, "पूल ठेंगणा न्हाई रं, आपली किंमत ठेंगणी हाय."

पालमला रेल्वे नाही. गंगाखेडला गाडी धरून मी मुंबईला आलो, गोदीत लागलो, कुर्ल्यात मिठीकाठच्या वस्तीत राहिलो. म्हटलं, इथं तरी पाण्याचा हिशेब नीट होत असेल.

इथला हिशेब ऐका. २६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. कुलाब्याला ७५ सुद्धा नाही. शहराची जुनी गटारं बांधली होती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानं, तीही समुद्राला ओहोटी आहे असं धरून. गोदीतल्या पोरालाही कळतं, समुद्र दिवसातून दोनदा भरतो. भरती असली की नाल्याचं तोंड बंद, पाणी माघारी वस्तीत. त्या दिवशी दुपारी नेमकी मोठी भरती होती. शेकडो माणसं मेली. मी तेव्हा लहान होतो. पण आमच्या वस्तीतली म्हातारी अजून ढग दाटले की आधी रेशनकार्ड पिशवीत घालून वर टांगते.

आणि हे कुणाला माहीत नव्हतं का? १९८५ च्या पुरानंतर शहराच्या पावसाळी पाण्याचा आराखडा करायला घेतला, १९९३ ला तो तयार झाला. गटारांची ताकद दुप्पट, तासाला ५० मिलिमीटर करा, असं त्यात होतं. २००५ पर्यंत बराचसा कागदावरच.

पूर आल्यावर मात्र गुन्हेगार दोन दिवसांत सापडला. कोण? झोपडपट्टी! अतिक्रमण!

मग मिठीच्या काठानं चला माझ्याबरोबर. विहार-पवईच्या तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर. मध्ये विमानतळ. धावपट्टी नदीवरनं गेली, नदीला काटकोनात वळवली. खाली वांद्रे-कुर्ला संकुल. जिथं खाडीचं पाणी पसरायचं ती दलदल भरून त्यावर काचेचे बंगले उभे केले. ज्या प्राधिकरणानं ती भरली, त्याच्याच हाती नंतर खालच्या टप्प्यातली नदी रुंद करायचं काम दिलं. शेवटी माहीमजवळ रस्त्याचा कॉजवे आणि पश्चिम रेल्वेचा पूल. झोपडी नदीला चिकटून बसली हे खरं, पण तिला दुसरी जागा दिली कुणी? विमानाला जागा दिली, बँकेला दिली. त्यांना अतिक्रमण म्हणत नाहीत, विकास म्हणतात.

आता इंजिनियरांना आमचा एक मजुराचा सवाल. रस्ता किंवा रुळ नाल्यावरनं न्यायचा तर भराव टाकता, खाली मोरी ठेवता. मोरी अपुरी पडली की भराव म्हणजे धरणच. पाण्याला फुगवटा येतो, आणि फुगवटा वरच्या अंगाच्या वस्तीत शिरतो. पुढं महामार्ग रुंद करताना भराव आणखी उंच होतो, मोरी तेवढीच राहते, वस्तीचं होतं पातेलं. वर नाला कितीही रुंद करा, खालचं तोंड तेवढंच असेल तर काय उपयोग? म्हणून काम तोंडाकडून वर यायला पाहिजे. पण पूल रेल्वेचा, रस्ता दुसऱ्या खात्याचा, नाला पालिकेचा. सगळ्यांच्या टेंडरांत सोपं काय? झोपडी. तिला नोटीस चिकटते, पुलाला कुणी चिकटवत नाही.

आणि गाळ! २०२५ मध्ये मिठीच्या गाळउपशात ६५ कोटींच्या घोटाळ्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं गुन्हा नोंदवला. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवील. पण आम्ही एक गोण कमी उचलली तर रोजी कापली जाते. इथं नदीचा गाळ मोजायचा काटा कुणाच्या हातात आहे? नाल्यात उतरणारा माणूस कुठल्या वस्तीतला असतो, हे तर विचारायलाच नको.

हटवायचंच असेल तर कुठं नेता तेही बोला. तानसाच्या जलवाहिनीलगतची माणसं माहुलला नेऊन टाकली, रिफायनऱ्यांच्या धुरात. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिथं राहायची सक्ती करता येणार नाही. पाण्यातून काढून धुरात घालणं याला पुनर्वसन म्हणतात का?

पूरनियंत्रण आम्हालाच सगळ्यांच्या आधी पाहिजे, कारण बुडतो आम्ही. आमचं मागणं एवढंच : आधी खालचे पूल आणि मोऱ्या मोठ्या करा, सगळ्या खात्यांचा एकच आराखडा मराठीत वस्तीत लावा, घर पाडण्याआधी जवळ घर द्या, आणि गाळाचा काटा वस्तीसमोर करा.

पोरांनो, नुसत्या घोषणा देऊन परत येऊ नका. २००५ सालीच माहितीचा अधिकारही आला. दहा रुपयांचा अर्ज लिहा, आपल्या नाल्याचा नकाशा मागा. पालममध्ये असा, कुर्ल्यात असा. निळी रेषा बोटानं धरून चाला आणि बघा, ती कुणाच्या घरातून जाते आणि कुणाच्या बंगल्याला वळसा घालते. मग तो नकाशा घेऊन पावसाळ्याआधी कचेरीच्या दारात जाऊ. पाणी यायच्या आधी आपण पोचलं पाहिजे.