तेरच्या गोरोबांचे अभंग

तेर म्हणतांच आपणांस गोरोबाकाका आठवतात, आणि गोरोबाकाका म्हणतांच दोन कथा आठवतात. एक, भजनाच्या तंद्रींत माती तुडवितांना रांगतें मूल पायांखालीं आलें ती. दुसरी, संतमेळाव्यांत मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून त्यांनीं थापटण्यानें एकेकाचें मस्तक ठोकून पाहिलें व नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें ती. आजीच्या मांडीवर ऐकलेल्या या कथा कोणी विसरत नाहीं. परंतु गोरोबांचा स्वतःचा एखादा अभंग म्हणा, असें घरांत कोणास सांगितलें, तर बहुधा सारीं मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतील.

कथेचें भाग्य खरोखर थोर. महीपतीबोवांनीं 1762 सालीं पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’नें ती घरोघर नेली. पुढें ती कर्नाटकांतहि पोंचली. 1974 सालीं राजकुमार या विख्यात नटानें कानडी ‘भक्त कुंबार’ चित्रपटांत गोरोबांची भूमिका केली. कथा अशी परप्रांतांत हिंडली, आणि अभंग मात्र गाथेच्या पानांत राहिले.

हे अभंग आहेत तरी किती? गाथेंत त्यांच्या नांवावर सुमारें वीस सांपडतात. त्यांतील प्रत्येक शब्द त्यांच्याच मुखांतला असेल असें कोणी छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं. जुन्या संतवाङ्मयाची ती सर्वसाधारण स्थिति आहे. तरी हे वीस अभंग सलग वाचले म्हणजे एक गोष्ट चटकन् ध्यानांत येते. सावतोबांनीं मळ्यांतल्या भाजींत विठ्ठल पाहिला. नरहरी सोनारांनीं सोनारकामाचीं हत्यारें परमार्थास लाविलीं. सेना न्हावी आरसा नि चिमटा घेऊन अभंगांत आले. गोरोबांच्या बहुतेक अभंगांत चाक नाहीं, आवा नाहीं, मडकेंहि नाहीं. आहे तो केवळ निर्गुणाचा अनुभव, आणि तो सांगतां येत नाहीं याचा आनंद.

मुक्यानें साखर चाखावी, आणि गोडी कशी म्हणून कोणी विचारावें, तसें आपलें झालें आहे, असें ते एके ठिकाणीं म्हणतात. दुसरीकडे पाहणाराचें रूपच त्याच्या डोळ्यांत विरून जातें. मग स्तुति कोणीं कोणाची करावी, हा प्रश्न उरतो. विशेष हें कीं, यांपैकीं कित्येक अभंग नामदेवांस उद्देशून आहेत. कथेंतले गोरोबा हातीं थापटणें घेतलेले परीक्षक. अभंगांतले गोरोबा त्याच नामयास जिवलग म्हणून आलिंगन मागतात. परीक्षा घेणारा आणि देणारा असा भेदच तेथें राहिलेला नाहीं. कथेपुरते गोरोबा जाणणारास हा प्रेमळपणा कळावयाचा नाहीं.

येथें आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांनीं थोडा विचार करावा. आपल्या कपाटांत उपनिषदें असतात, आचार्यांचीं भाष्यें असतात. अद्वैत म्हटलें कीं आपण त्यांजकडे वळतों, आणि भोळ्या भक्तीचा दाखला हवा झाला म्हणजे गोरोबांची कथा मुलांस सांगतों. तत्त्वज्ञान पंडितांचें आणि भाबडेपणा कुंभाराचा, अशी ही वांटणी कोणीं केली? गोरोबांचे अभंग ती मुळींच मानीत नाहींत. जें प्रमेय मांडावयास भाष्यकारांस ग्रंथ लागले, तें या गृहस्थानें चार चरणांत, आणि तेंहि रोजच्या मराठींत सांगितलें आहे.

त्यांचें गांवहि कांहीं लहान परंपरेचें नव्हे. तेरणेकांठचें हें तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत तगराहून गाड्यांतून भडोचेस जाणाऱ्या कापडाचा उल्लेख आहे. तेथील त्रिविक्रमाचें विटांचें देऊळ अजून उभें आहे, आणि रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयांत सातवाहनकाळींच्या भाजक्या मातीच्या मूर्ति पाहावयास मिळतात. गोरोबांच्या पूर्वीं हजार वर्षें तेथें मातीस आकार देणारे हात होते. त्या मूर्ति जमिनीनें सांभाळल्या. अभंग मात्र जमीन सांभाळीत नाहीं, ते कोणीतरी म्हणावे लागतात.

गोरोबांनीं शके 1239, म्हणजे इसवी सन 1317 मध्यें, चैत्र वद्य त्रयोदशीस देह ठेविला अशी परंपरा आहे. त्या तिथीस तेरला यात्रा भरते. ज्यांस जाणें घडेल त्यांनीं अवश्य जावें. ज्यांस घडणार नाहीं त्यांनीं त्या सायंकाळीं दिवेलागणीनंतर गाथा काढून मुक्याच्या साखरेचा तो अभंग लहानथोरांनीं मिळून मोठ्यानें वाचावा. अर्थ सांगण्याची घाई करूं नये. मुलें विचारतीलच, आणि उत्तर देतांना वडीलमंडळींसहि क्षणभर थांबावें लागेल.